बंद लॉकरमधला निरोप

१

"अर्जदाराच्या विनंतीवरून हा अर्ज मागे घेण्यात आला आहे."

वहिनीने ती ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर ती बसली होती. एका पायात ड्यूटीचा पांढरा बूट होता, दुसरा हातात.

डायलिसिस विभागात ती टेक्निशियन. सहा मशीन, दिवसाला बारा रुग्ण. घरात धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून आसपासची सगळी मराठी मंडळी म्हणायला लागली, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. त्या बुधवारी ड्यूटी संपता संपता ऑफिसातल्या बाईंनी हटकलं होतं. "शुक्रवारी, अठरा तारखेला तुमचा व्हिसा संपतोय. नूतनीकरणाच्या अर्जाची पावती लागेल. ती नसेल तर सोमवारपासून तुम्हाला वॉर्डात पाऊल टाकता येणार नाही."

"आहे की, आत्ता देते," म्हणून तिने फोनवर सरकारी पोर्टल उघडलं, आणि ही ओळ समोर आली. खाली तारीख आणि वेळ होती. मंगळवार, पंधरा तारीख, दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. म्हणजे कालच.

विनंती? तिने कुठलीच विनंती केलेली नव्हती.

हेल्पलाइनवर वीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर एक बाई बोलल्या. आवाज सभ्य, पण दगडासारखा. "मागे घेतलेला अर्ज पुन्हा उघडत नाही, मॅडम."

"पण मी घेतलाच नाही मागे!"

"मग कुणी घेतला? तुमच्या संमतीशिवाय कुणी तो मागे घेतला असेल, आणि त्या व्यक्तीने आमच्यासमोर तसं लिहून दिलं, तरच विचार होईल. तेही मुदतीच्या आत. शुक्रवारी चारला खिडकी बंद होते."

या देशात कायमचं राहण्याचा हक्क मिळायला पाच वर्षं सलग लागत. वहिनीची चार वर्षं दहा महिने झाली होती. 'सलग' हा शब्द तिने इतक्या वेळा वाचला होता की तो तिला माणसासारखा ओळखीचा झाला होता. एक दिवस जरी तुटला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि नवऱ्याचा व्हिसा तिच्या व्हिसावर टांगलेला.

तिने फोनमधले निरोप खालीवर केले. मंगळवारच्या गर्दीत तो सापडला. 'अर्ज मागे घेण्यासाठी तुमचा ओटीपी', पुढे सहा आकडे. वेळ, दोन वाजून अकरा मिनिटं.

न उघडलेल्या निरोपापुढे तिच्या फोनवर निळा ठिपका असतो. इथे ठिपका नव्हता.

काल दोन अकराला ती चार नंबरच्या मशीनवर एका आजोबांच्या नळ्या जोडत होती. वॉर्डात फोन न्यायला बंदी. फोन लोखंडी लॉकरमध्ये होता, आणि लॉकरची एकुलती एक किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला.

मग तो निरोप वाचला कुणी?

२

धुलाईचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध, जिन्याखालच्या पाच फुटांत स्क्रूताईंचं दुकान होतं. मोबाईल, लॅपटॉप, चार्जर, सगळ्याची दुरुस्ती. बाई पंचावन्नच्या. कपाळावर भिंग, हातात चिमटा, खोलीभर स्पिरिटचा वास. उघडलेल्या फोनचे स्क्रू त्या बाटल्यांच्या झाकणांत ठेवायच्या, झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव. तीस वर्षांत एक स्क्रू हरवला नाही, असं त्या सांगायच्या. शिवाय परदेशात आलेला माणूस आपल्या फोनपासून काहीच लपवू शकत नाही, त्यामुळे अर्ध्या वस्तीची गुपितं त्यांच्या पोटात होती आणि तिथेच राहायची.

वहिनीचं सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ताच पाच मिनिटं रडून घे. नंतर वेळ मिळणार नाही."

"नाही रडत."

"मग फोन दे."

त्यांनी सेटिंग उघडलं. "लॉकर कुणी फोडला नाही. लॉकरचा यात संबंधच नाही. तुझ्या खात्याला दुसरी कुठली यंत्रं जोडलेली असली, तर तुझे निरोप तिथेही जातात. तिथे उघडला की तुझ्याकडचा ठिपका आपोआप जातो. फोन लॉकरमध्ये असो नाहीतर विहिरीत." मग भिंग खाली ओढून त्या म्हणाल्या, "तीन यंत्रं दिसतात. हा फोन. तुझा लॅपटॉप."

"तो बिघडलाय. महिनाभर तुमच्याकडेच पडलाय."

"हो, माझ्याच फळीवर आहे. बॅटरीसुद्धा काढलेली. तुझा जुना फोन?"

"भाऊजींना दिला." भाऊजी म्हणजे तिचा दीर. त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायचा, गोदामात कामाला होता.

"तो मीच पुसून दिलाय, यादीत नाही. उरला तिसरा. 'टॅब'. शेवटचा वापर मंगळवारी, सतरा बेचाळीस."

"पावणेसहा?" वहिनी गोंधळली. "पण अर्ज तर सव्वादोनला..."

"टॅब आहे कुठे?"

वहिनी आठवत म्हणाली, "घरी. म्हणजे इथल्या घरी नाही. सासूबाई चार महिने राहून गेल्या ना, त्यांना मालिका बघायला दिला होता. जाताना त्यांच्याबरोबरच पाठवला."

स्क्रूताईंनी बोटांवर हिशोब केला. "यादीतली टॅबची वेळ तिथल्या घड्याळाची. ते आपल्यापुढे साडेतीन तास. सतरा बेचाळीसमधून साडेतीन वजा कर."

वहिनीने केले. उत्तर आलं चौदा बारा.

दोन वाजून बारा मिनिटं.

३

तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. सासूबाई व्हिडिओवर आल्या. नेहमीप्रमाणे अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता.

"आई, टॅब जरा खाली धरा. काल संध्याकाळी टॅबवर काही नंबर आला होता का? सहा आकडी?"

"आला होता की. तुझे निरोप टुणटुण वाजतच असतात इथे. मी आपली बघते आणि सोडून देते."

"आणि कालचा?"

"तो वाचून दाखवला."

वहिनीने टेबलाची कड धरली. "कुणाला?"

पंख्याची पाती फिरत राहिली.

"आई, कुणाचा फोन होता?"

"मी शब्द दिलाय, सूनबाई. तुझ्या भल्याचंच आहे म्हणाला तो. तुला कळलं तर तू घाबरशील, कामात चूक होईल, म्हणाला. चार दिवसांत सगळं नीट होईल, मग सांगू."

"माझा अर्ज रद्द झालाय, आई! परवा मला इथून..."

"रद्द?" सासूबाईंचा पूर्ण चेहरा पहिल्यांदाच पडद्यावर आला, भेदरलेला. "तसं नव्हतं म्हणाला तो. अगं, देवासमोर बसून शब्द दिलाय मी. आधी त्याला विचारते, मग..."

फोन बंद झाला. वहिनीने पुन्हा लावला. टॅब बंद होता.

स्क्रूताईंनी एका झाकणातले स्क्रू उगाचच दुसऱ्यात ओतले. "'तो' म्हणाल्या."

"हो."

"आई कुणासाठी एवढं तोंड मिटून बसते?"

सासूबाईंना दोन मुलगे होते, आणि दोघंही तिच्याच घरात राहत होते.

४

सर, म्हणजे वहिनीचा नवरा, गावी हायस्कुलात गणित शिकवायचे. इथे त्यांच्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळा टांगून ते गावाकडच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घ्यायचे. त्यांचं जेवण, झोप, सगळं गावच्या घड्याळावर चालायचं. मंडळींत कुणी "सर काय करतात हल्ली?" असं विचारलं की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

वहिनी घरी आली तेव्हा ते बाहेर गेले होते. जुन्या अर्जाच्या पावत्या शोधायला तिने त्यांचा खण उघडला, आणि वह्यांखाली एक पत्र हाताला लागलं. गावच्या शाळेचं. 'मुख्याध्यापकपदी आपली नेमणूक करण्यास संस्था उत्सुक आहे. महिनाअखेरपर्यंत कळवावे.' पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं.

सर आले तेव्हा पत्र टेबलावर होतं.

"तुम्हाला परत जायचंय," वहिनी म्हणाली. आवाज चढवायची गरजच पडली नाही.

"सांगणार होतो."

"कधी? मला विमानात बसवल्यावर?" मग तिने सगळं सांगितलं. अर्ज, ओटीपी, आईंचा शब्द.

सरांनी चष्मा काढला. "तुला वाटतं मी केलं असेल?"

"आईंनी देवासमोर कुणाला शब्द दिला असेल, सांगा."

"जायचंय मला," सर सावकाश म्हणाले. "रोज वाटतं. पण तुझे पाय कापून नाही."

तेवढ्यात भाऊजी आला. "काल दुपारी दोनला तू कुठे होतास?" असं विचारल्यावर तो पटकन म्हणाला, "गोदामात." सरांनी मान हलवली. "तुझा मुकादम इथे फोन करून विचारत होता तू का आला नाहीस म्हणून."

भाऊजीने खाली बघितलं. दुसऱ्या शहरात नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो, म्हणाला. तुमच्या घरात किती दिवस राहायचं, म्हणून. सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रूताई घरी आल्या. चप्पल काढण्याआधी हात पुढे केला. "दोघांचे फोन आणि सरांचा लॅपटॉप."

सरांचा मंगळवारचा तास साडेपाच ते साडेसहा, गावच्या वेळेने, आणि प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग व्हायचं. स्क्रूताईंनी पाच चाळीसपासून ते लावलं. पडद्यावर सर फळ्यावर समीकरण सोडवत होते. कुणीतरी मुलगी म्हणाली, "सर, एक्स दोन्हीकडे कसा?" आणि सर हसून पुन्हा समजावू लागले. दोन्ही हात खडूने पांढरे. पाच पंचेचाळीसपर्यंत ते एकदाही पडद्याबाहेर गेले नाहीत.

"हे सुटले," स्क्रूताई म्हणाल्या. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

मग भाऊजीचा फोन. स्क्रूताई कॉलची यादी खाली सरकवत होत्या. बोट थांबलं.

"मंगळवारी दोन वाजून सात मिनिटं. आईला फोन केला होतास."



५

"लागलाच नाही!" भाऊजी ओरडला. "मुलाखतीला आत जायच्या आधी आईचा आशीर्वाद घ्यावा म्हणून लावला. आई दुसऱ्या फोनवर होती. बघा ना, शून्य सेकंद!"

स्क्रूताईंनी पाहिलं. खरंच शून्य सेकंद होते. दोन नऊला पुन्हा एकदा, तेही शून्य. "शाबास," त्या म्हणाल्या. "तू सुटलास, आणि एक गोष्ट देऊन सुटलास. दोन सातपासून तुझी आई कुणाशी तरी बोलत होती, आणि तो तिचा मुलगा नव्हता."

"मग कोण?" सरांनी विचारलं.

"अर्जाचे मूळ कागद कुणाकडे आहेत?"

"फॉर्मवाल्या काकांकडे," वहिनी म्हणाली.

फॉर्मवाले काका म्हणजे वस्तीचा आधार. एकवीस वर्षं ते सगळ्यांचे व्हिसाचे अर्ज भरत होते. गळ्यात नोंदणीकृत सल्लागाराचं कार्ड, भिंतीला फायलींचं कपाट. त्यांच्या हातचा एकही अर्ज कधी नाकारला गेला नव्हता, आणि ही गोष्ट ते पाहुण्याला पाण्याआधी सांगायचे. सासूबाईंच्या व्हिसाची मुदतवाढही त्यांनीच करून दिली होती.

वहिनी आणि स्क्रूताई पोचल्या तेव्हा काका दारातच उभे होते. "ये पोरी, ये. ऐकलं मी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काय दिवस आलेत! घरातल्या घरात शोध हो. बाहेरच्याला एवढं कसं जमेल?"

"काका, अर्जाची प्रत हवी होती."

काकांनी कपाटातून फाईल काढली, तिच्या पाठीवर बोट फिरवलं, परत ठेवली, दुसरी काढली. "बघ बरं, ही तुझीच ना? माझा चष्मा बदलायला टाकलाय." फाईल तिचीच होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि फोननेच मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, "नवीन निरोप. औषधाची वेळ." पडद्यावरची अक्षरं इतकी मोठी की दोन शब्दांतच पडदा भरला होता. काकांनी घाईने फोन पालथा केला.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "नवा अर्ज भरू. मी आहे ना."

"नव्या अर्जाला रुग्णालयाचं नवं पत्र लागतं, काका. त्याला दहा दिवस. माझ्याकडे एकच दिवस आहे."

काकांनी पाणी ओतलं. पाण्याचा पेला त्यांनी तिच्या हाताच्या जरा अलीकडेच टेबलावर ठेवला.

दुकानात परत आल्यावर स्क्रूताईंनी पोर्टल उघडलं. "मागे घेतल्याची नोंद उतरवून घेऊ. पुरावा हातात असू दे." वहिनीने पासवर्ड घातला, ओटीपी घातला. नोंद देण्याआधी पोर्टलने आणखी एक प्रश्न विचारला. 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव?'

वहिनीने आपल्या शाळेचं नाव टाकलं. चूक.

"स्पेलिंग बघ."

तिने गावाच्या नावासकट, पूर्ण नाव टाकलं. चूक. खाली लाल अक्षरं आली. 'एकच प्रयत्न शिल्लक. त्यानंतर खातं बंद होईल.'

वहिनीचं बोट पुन्हा अक्षरांकडे गेलं.

"थांब!" स्क्रूताईंनी तिचं मनगट पकडलं. इतक्या जोरात की चिमटा खाली पडला. "अर्ज मागे घेतानाही हाच प्रश्न येतो?"

"हो, इथे खाली लिहिलंय, पायरी सारखीच आहे. ओटीपी आणि हा प्रश्न."

"तुला स्वतःला याचं उत्तर येत नाही. तुझ्या नवऱ्याला विचारलं असतं तर त्यानेही तुझ्याच शाळेचं नाव टाकलं असतं. दिरानेही. म्हणजे ओटीपी मिळाला तरी तुमच्यापैकी कुणालाच अर्ज मागे घेता आला नसता. तूसुद्धा नाही." त्यांनी भिंग कपाळावर ढकललं. "हे उत्तर पहिल्यांदा कुणी लिहिलं? फॉर्म भरला तेव्हा तू कुठे होतीस?"

वहिनीने हात पडद्यावरून मागे घेतला.

"ड्यूटीवर," ती म्हणाली. "मी फक्त सही केली."

६

शुक्रवारी सकाळी दहाला ते चौघं काकांच्या दारात होते. भाऊजी, सर, वहिनी, आणि सगळ्यांच्या पुढे स्क्रूताई.

"काका," स्क्रूताईंनी बसायच्या आधीच विचारलं, "तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय?"

काका हसले. "हे काय मध्येच?"

"सगळ्यांच्या अर्जांत तुम्ही एकच उत्तर लिहिता, हो ना? लक्षात ठेवायला सोपं. तुमच्याच शाळेचं. मंगळवारी दोनच्या सुमारास तुम्ही हिच्या सासूबाईंना फोन लावलात. मुदतवाढीच्या वेळी तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात. हिचे निरोप त्या टॅबवर येतात हे तेव्हाच पाहिलंत. पासवर्ड फाईलमध्ये आहे. त्यांनी आकडे वाचले, तुम्ही ऐकून घातले. आणि त्या माउलीला देवासमोर शब्द द्यायला लावलात."

"खोटं आहे," काका म्हणाले. पण आवाजाला टेकू नव्हता.

"मग दाखवा तुमचा फोन. नको असेल तर तोच वाचून दाखवेल, मंगळवारी दोन सातला कुणाला लावला होता ते."

काका खुर्चीत बसले. म्हाताऱ्या माणसासारखे, आधी हाताने खुर्ची चाचपून.

"पोरी, मी तुझं वाईट नव्हतं केलं." ते वहिनीकडे वळले. "माझी एक चूक झाली. रुग्णालयाचं या वर्षीचं पत्र जोडायचं, ते गेल्या वर्षीचं गेलं. कचेरीने विचारणा पाठवली, योग्य पत्र तेरा तारखेपर्यंत द्या. ती माझ्या ईमेलवर आली, आणि मला दिसली चौदाला. मुदत संपलेली. आता नकार येणार. नकाराचा शिक्का जन्मभर पुसत नाही. मागे घेतला तर शिक्का नाही. म्हटलं, मागे घेऊ, दुरुस्त करून लगेच भरू. मग कळलं, नव्याला नवं पत्र लागतं. मग... मग तोंड दाखवायचं कसं?"

"सांगायचं होतं ना, काका!" वहिनी म्हणाली. "मला सांगायचं होतं!"

"एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही अर्ज..."

"माझाही कुणी नाकारला नव्हता, काका!"

स्क्रूताईंनी दोघांच्या मध्ये हात आडवा केला. "ती विचारणा दाखवा."

काकांनी छापलेला कागद सरकवला. स्क्रूताईंनी भिंग लावलं. मग कागद सरांकडे दिला. सरांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"इथे तेरा नाहीये," सर म्हणाले. "अठरा आहे."

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं.

"इंग्रजी तीन नाही, आठ आहे. अठरा म्हणजे आज."

काकांनी हात पुढे केला. कागद घेतला, लांब धरला, जवळ आणला, खिडकीकडे वळवला. तिथल्या तिथे चार वेळा वळवला. मग मांडीवर ठेवला.

"मला ते दिसत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. मधोमध काळा डाग आहे. कडेकडेने दिसतं. फोन निरोप वाचून दाखवतो, असले स्कॅन केलेले कागद नाही. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. हे कचेरीला कळलं तर..." त्यांनी गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

"माझ्याबरोबर चला," वहिनी म्हणाली. "त्यांच्यासमोर लिहून द्या."

"तर कार्ड गेलं, पोरी."

"आणि नाही दिलंत तर मी गेले."

सर पुढे झाले. ते हात उगारतील असं भाऊजीला वाटलं, म्हणून त्याने त्यांचा दंड धरला. पण सर काकांच्या खुर्चीशी वाकले आणि त्यांचे बूट पायांपाशी सरळ करून ठेवले. "काका, मीसुद्धा एक पत्र तीन आठवडे लपवलं होतं," ते म्हणाले. "लपवून काय होतं ते परवाच शिकलो. उठा."

काका बऱ्याच वेळाने उठले. आधी डावा पाय बुटात गेला, मग उजवा.

७

टोकन नंबर दोनशे चौदा. फळ्यावर एकशे नव्व्याण्णव. घड्याळात तीनला वीस कमी.

हॉलमध्ये खुर्च्या लोखंडी आणि एकमेकींना जोडलेल्या. कुणी एक उठला की सगळी ओळ हलायची. वहिनीच्या मांडीवर काकांच्या फाईलमध्येच राहिलेलं रुग्णालयाचं यंदाचं पत्र होतं, ते धरून धरून कड मऊ पडलेली. दोनशे चार. दोनशे सहा. दोनशे सातच्या माणसाकडे एक कागद कमी होता, तो वाद घालत बसला. साडेतीन. स्क्रूताई उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, बसल्या. काका हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होते. काय दिसत होतं कोण जाणे.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दोनशे चौदा आला.

खिडकीतली अधिकारी बाई तरुण होती, दमलेली. वहिनीने सगळं सांगितलं. दोन दिवस मनात घोकलेलं चार वाक्यांत संपलं. बाईने काकांकडे पाहिलं. "अर्ज तुम्ही मागे घेतलात? अर्जदाराला न विचारता?"

"हो."

"का?"

काकांनी वहिनीकडे पाहिलं नाही. "तारीख चुकीची वाचली. मला नीट दिसत नाही. आणि ते मी लपवलं."

बाईने एक कोरा फॉर्म सरकवला. जबाबाचा. काकांना रकाने दिसेनात, म्हणून वहिनीने वाचून दाखवायला सुरुवात केली. नाव. पत्ता. परवाना क्रमांक. काका सांगत गेले, ती लिहीत गेली. चौथ्या ओळीत होतं, 'अर्जदाराशी नातं'.

तिचं पेन थांबलं. घड्याळात चारला दहा कमी. काका ऐकत होते, मान थोडी तिरकी करून.

वहिनीने लिहिलं, 'ओळखीचे'. आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं.

काकांनी मान डोलावली. ती दाखवेल तिथे सही केली, रेघेच्या जरा वर.

बाई आत गेली. परत आली तेव्हा पाच मिनिटं उरली होती. तिने काकांकडे हात केला, आणि काकांनी गळ्यातलं कार्ड काढून त्या हातात दिलं. मग बाईने यंदाचं पत्र घेतलं, शिक्का मारला, कळफलकावर बराच वेळ काहीतरी टाइप केलं. छपाईयंत्रातून एक कागद बाहेर आला.

"अर्ज पूर्ववत. विचारणेचं उत्तर मुदतीत मिळाल्याची नोंद केली आहे. निर्णय येईपर्यंत तुम्हाला राहता येईल, काम करता येईल," ती म्हणाली, आणि काच खाली ओढली.

वहिनीने पावती दोन्ही हातांनी धरली. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिने झटकला नाही. "गावच्या शाळेचं काय ते आज बसून बोलू," ती म्हणाली. "दोघं मिळून." त्यांनी नुसतं "हं" केलं. भाऊजी आईला फोन लावायला बाहेर पळाला.

दारातून बाहेर पडताना काका मागे राहिले. कठड्याला हात लावून उभे. सगळे थांबले.

"तुम्हाला घरी सोडतो," सर म्हणाले.

"घरी जाईन मी." काकांनी घसा साफ केला. "पण एक सांगायचं राहिलं. कपाटात आणखी अकरा फायली आहेत. गेल्या वर्षभरातल्या. मीच भरलेल्या." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "त्यांत काय काय चुकलंय, मला माहीत नाही. मला दिसतच नव्हतं."

अकरा फायली म्हणजे अकरा घरं. वहिनीला त्यांतले कितीतरी चेहरे डोळ्यांपुढे दिसले. कपडे शिवणाऱ्या बाई, तिच्याच वॉर्डातली आया, दोन लहान मुलं असलेला तो ट्रकवाला. सगळे निर्धास्त होते. काकांच्या हातचा अर्ज कधी नाकारला जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तिला घरी जायचं होतं. बूट काढून, पाय वर घेऊन, निदान एक तास कुणाशी न बोलता बसायचं होतं. काकांचा चेहरा तर आज पुन्हा बघायची इच्छा नव्हती.

स्क्रूताई नुसत्या वहिनीकडे बघत होत्या.

वहिनीने पावतीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग परत दोन पायऱ्या चढून ती काकांपाशी गेली.

"कुणाची तारीख सगळ्यांत आधी आहे?" तिने विचारलं.

"सोमवारची," काका म्हणाले.

तिने त्यांचा हात कठड्यावरून काढून आपल्या दंडाला लावला. "चला मग. कपाटाच्या किल्ल्या जवळ आहेत ना?"